नळीच्या बंबाच्या घशातला थर

मी तांब्याची एक जुनी नळी आहे, मित्रांनो, वेटोळे घातलेली. बंगळुराच्या राजाजीनगरातल्या एका न्हाणीघरात मी बरीच वर्षे लोकांना ऊन पाणी दिले. मला सगळे ‘नळीचा बंब’ म्हणत. तुमच्या घरचा बंब पोटभर पाणी साठवतो आणि सावकाश तापवतो. मला तसे पोटच नव्हते. गच्चीवरच्या पिंपातले गार पाणी माझ्या एका टोकातून शिरायचे, नऊ वेटोळ्यांतून फिरायचे आणि दुसऱ्या टोकातून निघेपर्यंत तापलेले असायचे. वाट पाहायला नको, साठवायला नको. माझी स्तुती ऐकायची असेल तर ती इथेच ऐकून घ्या. पुढचे सांगताना मला स्वतःचा अभिमान वाटत नाही.

मला घडवले विद्याधरने. तो सांगलीकडचा, बंगळुरात एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता आणि भीमाचार्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होता. भीमाचार्यांचे घराणे इथे कित्येक पिढ्या मुरलेले, मराठीत निम्मे कानडी मिसळून बोलणारे. दोन्ही घरांना मिळून मागच्या अंगणात एकच न्हाणीघर होते. सन सत्तावन्नच्या एका रविवारी विद्याधरने माझ्यात कोरडी वाळू ठासली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचे मारली आणि मला अंगणातल्या खांबाभोवती वळवले. वाळू भरली नसती तर मी वळणावर चेपलो असतो. मग पत्र्याच्या नळकांड्यात मला टांगले आणि खाली भुशाची शेगडी ठेवली. ती तुम्ही पाहिली नसेल. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा दाबून भरायचा आणि बाटली अलगद उपसून घ्यायची. त्या भोकातून तासदीड तास एकसारखा जाळ येतो. यशवंतपूरच्या लाकडाच्या गिरण्यांतून भुशाची पोती यायची. एवढे मात्र ध्यानात असू द्या, की भुशाची शेगडी एकदा पेटली की तिला कमी हो म्हणून सांगता येत नाही.

पिंपात पाणी कुठले भरायचे यावर पहिल्याच दिवशी वाद झाला.

“नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते,” भीमाचार्य म्हणाले. “चामड्याला लागलेलं पाणी अंगावर घेऊन देवाला शिवू कसा? मडी मोडते. विहिरीचंच भरायचं.”

“आचार्य, विहिरीचं पाणी फार जड आहे हो. आमची तूरडाळ शिजत नाही त्यात.”

“तुम्ही डाळीला नळाचं घ्या की. मला कुठं शिजायचंय?”

विद्याधर हसला आणि हरला. मडी म्हणजे तुमच्याकडचे सोवळे. पिंपात विहिरीचे पाणी पडू लागले. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि ते तापले की त्यातले क्षार वेगळे होऊन मला आतून चिकटत.

दोन वर्षांनी विद्याधरचे लग्न झाले. त्याची बायको वीणा पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. तिने माझ्या तोंडाशी जमलेली पांढरी खपली नखाने खरवडली आणि म्हणाली, “हे आतही असणार. सरबतातलं लिंबूफूल घालून बघू या.” लिंबूफूल म्हणजे ते आंबट, साखरेसारखे दाणे. माझे पेच सोडवून ते मिसळलेले ऊन पाणी माझ्यात दोन तास भरून ठेवले. माझ्या अंगातून बुडबुडे निघाले आणि नंतर जे पाणी बाहेर आले ते ताकासारखे पांढरे होते. मला इतके हलके वाटले म्हणून सांगू. मग नियमच झाला. एक अमावास्या सोडून दुसऱ्या अमावास्येला बंब धुवायचा. वीणा कॅलेंडरवर निळ्या पेन्सिलीने खूण करी आणि विद्याधर पेच सोडवी.

नियम मोडला तो कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. वीणेला दिवस गेले, पिंपाचे पाणी बंद करायला तिला गच्चीच्या पायऱ्या चढवेनात. विद्याधरच्या कारखान्यातल्या पाळ्या बदलल्या. एक खूण चुकली आणि काहीच बिघडले नाही. दुसरी चुकली, तरीही काही नाही. आणि मग, मित्रांनो, एक विचित्र गोष्ट झाली. मी पहिल्यापेक्षा चांगले काम करू लागलो.

निदान सगळ्यांना तसे वाटले. घशात थर साचला, त्यामुळे पाण्याची धार बारीक झाली. खालचा जाळ तेवढाच, वर पाणी थोडे, म्हणून ते जास्त कढत यायचे. भीमाचार्य अंगाला चटका बसताच खूश होऊन म्हणायचे, “आता मुरला बघा बंब. आधी नुसतं कोमट देत होता.” शेजारचे विश्वासराव मुद्दाम बघायला आले आणि त्यांनी माझ्या पत्र्यावर थोपटले. मला ठाऊक होते की हे माझे कर्तृत्व नाही, दुखणे आहे. पण कौतुक कोणाला नको असते? मी बोलू शकत नव्हतो हे खरे. तरी एखादा सांधा मला गळू देता आला असता. टप टप आवाज ऐकून कोणीतरी पाना घेऊन आले असते. मी सांधे घट्ट आवळून धरले. गळका म्हणवून घ्यायची मला लाज वाटत होती.

वीणा माहेरी बाळंत झाली आणि तीन महिन्यांच्या प्रतिमाला घेऊन परत आली. तेव्हापासून रोज सकाळी ती मुलगी माझ्यासमोर न्हाऊ लागली. न्हाऊ घालायच्या त्या अहल्याअक्का, भीमाचार्यांच्या थोरल्या बहीण. त्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. गल्लीतली किती मुले त्यांच्या पायांवर न्हायली याची त्यांना गणतीच नव्हती. त्या पाटावर बसून पाय लांब पसरत आणि त्यावर बाळाला पालथे घालत. माझ्या तोंडाखालच्या बादलीत गार पाणी मिसळत, मग त्यात कोपर बुडवत, आणि मगच तांब्या उचलत. गल्लीतल्या बायका त्यांना लग्नामुंजीत पुढे बोलावत नसत. पण मूल जन्मले की पहिला निरोप त्यांनाच यायचा. त्यांचा उजवा हात बाळाच्या पाठीवरून फिरला की रडणे थांबायचे.

वीणा दारात टॉवेल घेऊन उभी असे. तिचे लक्ष मुलीकडे असे आणि कान माझ्याकडे. माझ्यातून आता आवाज येऊ लागला होता. थराखाली पाणी उकळायचे आणि किटलीत खडे हलवल्यासारखी खडखड व्हायची. घरात ती एकट्या वीणेला ऐकू आली.

“बंबातून आवाज येतोय,” तिने विद्याधरला अंगणात गाठून सांगितले. “धार पण विणायच्या सुईएवढी झालीय. जरा उघडून बघ ना.”

“परवा उंदीर पडला तर तुला चोर वाटला,” विद्याधर म्हणाला. “काल पोरीला शिंक आली तर न्यूमोनिया. आज बंब.”

न्हाणीघरातल्या पाटावरून अक्काही हसल्या. “पहिलटकरीण आहे रे. दुसऱ्या खेपेला हिला ढग गडगडले तरी ऐकू यायचं नाही.”

वीणाही हसली. त्यानंतर ती आवाजाबद्दल बोलली नाही. रोज ऐकायची आणि ओठ मिटून टॉवेल उलगडायची. माझा दोष मी झाकला, आणि तिची भीती तिने झाकली. आम्ही दोघे जवळजवळ दोन महिने एकमेकांसमोर असे उभे होतो.

श्रावणातल्या एका सकाळी प्रतिमा अक्कांच्या पायांवर उताणी होती. अंगभर साबण लावलेला. तेवढ्यात माझ्या सहाव्या वेटोळ्यातली एक खपली सुटली आणि शेवटच्या वळणावर जाऊन आडवी बसली. धार थांबली.

“वीणा, पाणी थांबलं गं. पिंपात बघ स्वल्प.”

पिंप भरलेले होते. शेगडीही पेटलेली होती. माझ्यातली खडखड वाढत वाढत एकदम बंद झाली, आणि वीणा दारातून आत आली.

“अक्का, उठा तिथून. तिला घेऊन उठा.”

“उठते की. हिच्या डोळ्यात साबण जातोय, दोन थेंब तरी मिळू देत,” म्हणत अक्कांनी तांब्या माझ्या तोंडाखाली धरला.

मी अडवून धरायचा प्रयत्न केला असे तुम्हाला सांगावेसे वाटते. पण वाफेला कोण अडवणार? खपली सुटली आणि तिच्यामागून उकळते पाणी आणि वाफ एकदम बाहेर आली. अक्का पुढे वाकल्या आणि त्यांनी मुलीवर आपले अंग घातले. उजवा हात मात्र तांब्यासकट तसाच माझ्या तोंडापुढे राहिला. तो मागे घेतला असता तर ती धार मुलीच्या बाहेर राहिलेल्या पायांवर गेली असती.

वीणेने प्रतिमाला उचलले. बाळाला कुठेही काही लागले नव्हते. मग तिने विहिरीच्या गार पाण्यात अक्कांचा हात धरला, आणि डॉक्टर येईपर्यंत बादलीमागून बादली ओतत राहिली. अक्का एवढेच विचारत होत्या, “पोर बरी आहे ना? तिचं अंग पूस आधी.”

त्या दिवशी दुपारी विद्याधर कारखान्यातून धावत आला. त्याने मला उतरवले, अंगणात नेले आणि करवतीने कापले. आतून अंड्याच्या कवचासारखे तुकडे पडले. अर्ध्या इंचाच्या माझ्या नळीत शिसपेन्सिलीतले शिसे जाईल एवढीच वाट उरली होती. सगळे भोवती उभे राहून पाहत होते. मला उघडे पाडल्याचे दुःख नव्हते. एक वर्ष आधी असे पाहिले असते तर किती बरे झाले असते, एवढेच वाटले.

“मी इंजिनिअर,” विद्याधर म्हणाला. “मी हसलो तिला.”

“विहिरीचं पाणी माझ्या हट्टाचं,” भीमाचार्य म्हणाले. “तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं.”

वीणा भिंतीला टेकून उभी होती. “मला ऐकू येत होतं,” ती म्हणाली. “रोज. मी गप्प बसले, कारण तुम्ही सगळे हसाल.” आणि मग ती रडली.

प्रत्येकजण आपला वाटा उचलत होता. त्यात माझाही वाटा होता, पण तो मागायला मला जीभ नव्हती. तो माझ्याकडेच राहिला. अजून आहे.

अक्कांचा हात भरून यायला दोन महिने लागले. शेवटची दोन बोटे मात्र तळव्याकडे वळून बसली ती बसलीच. त्या मागच्या अंगणात येईनाशा झाल्या. गल्लीत एक बाळ जन्मले तेव्हा निरोप आला, तर त्यांनी आतूनच सांगितले, “आता माझ्या हातून नको. घसरलं एखादं, तर?”

इकडे वीणा प्रतिमाला स्वतः न्हाऊ घालू लागली. चुलीवरचे पाणी, त्यात हात, मग कोपर, मग पुन्हा हात. तिच्या भीतीने पाणी निवून जायचे आणि मुलगी किंचाळायची. अक्का माजघरात बसून ते रडणे ऐकत. मी कापलेला, कोपऱ्यात पडून ऐकत होतो. मी फक्त हात भाजला नव्हता. त्या हाताबरोबर त्यांचे गल्लीतले जे एक मानाचे काम होते तेही मी नेले होते.

एके दिवशी वीणा मुलीला कडेवर घेऊन अक्कांकडे गेली.

“अक्का, पाट मांडलाय. चला.”

“हात बघितलास ना गं माझा? तांब्या धरवत नाही.”

“तांब्या मी धरते. तुम्ही पाय पसरा. हिला माझे पाय आवडत नाहीत, तुमचे लागतात.”

“आणि निसटली तर?”

“मी आहे ना तिथं भ्यायला,” वीणा म्हणाली.

अक्कांनी मुलीच्या टाळूवरून डावा हात फिरवला. मग “सरी,” म्हणजे बरं, म्हणाल्या आणि उठल्या. त्यांनी प्रतिमाला पायांवर घेतले आणि डाव्या हाताने तिची पाठ चोळली. उजवा, वाकडा हात नुसता डोक्याशी आधाराला ठेवला. वीणेने पाणी घातले. मुलगी आधी कुरकुरली आणि मग गप्प झाली. भीमाचार्य मागीलदारी आले होते, ते न्हाणे चाललेले पाहून तसेच मागे फिरले. त्या दिवसापासून मडी राखायला ते विहिरीवर गार पाण्यानेच न्हाऊ लागले, थंडीतसुद्धा. पिंपात नळाचे पाणी भरायला त्यांनीच सांगितले.

विद्याधरने मला नवा तुकडा डाख देऊन जोडला आणि पुन्हा टांगले. त्यानंतर सहा वर्षे दर दुसऱ्या अमावास्येला वीणेने मला धुतले. आधी ती माझ्या पत्र्याला कान लावायची, आणि तेव्हा घरात कोणी हसत नसे. पुढे विद्याधरची बदली झाली, घरात विजेचा गिझर आला आणि मी आता भीमाचार्यांच्या जळणाच्या खोलीत पडून आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू काही न करता पहिल्यापेक्षा जोरात काम करू लागली, तर तिची पाठ थोपटू नका. तिला उघडून बघा. आम्हाला कौतुकाची हाव असते, आम्ही स्वतःहून सांगत नाही. आणि घरातली कोणी, आई असो की ताई, कसला तरी आवाज येतोय म्हणाली, तर हसण्याआधी उठून तिच्याशेजारी उभे राहा आणि ऐका. काही ऐकू आले नाही तर नंतर हसा. अहल्याअक्कांची दोन बोटे सरळ करायला माझ्यापाशी आता काही नाही.