वांग्याच्या रंगाच्या चाळीस पेट्या

कसबी कारागीर रेम्झी उस्तांना मोतीबिंदू झालाय, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि तिला तोंड उघडायची मनाई होती. तुर्कस्तानातल्या कोन्या शहराजवळच्या डोंगरातलं त्यांचं गाव शिकारीच्या बंदुका घडवतं. तिथं पोलाद काळं करणाऱ्याची पत त्याच्या नजरेवर ठरते. मालक वेहबी बेंच्या कारखान्यात उस्ता पस्तीस वर्षं पोलाद काळं करायच्या काहिलीपाशी होते. काहील सुटली की घरी मटार सोलत बसायचं, एवढंच आपल्या नशिबी उरेल, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

काहिलीत कॉस्टिक सोडा आणि क्षार यांचं दाट पाणी एकशे चाळीस अंशांच्या आसपास उकळत असे. वाफ उडेल तसं ते आणखी दाट होई, आणि फार दाट झालं की त्यात बुडवलेल्या बंदुकीच्या नळ्यांवर काळ्याऐवजी तांबूस थर बसे. गेली दोन वर्षं उस्ता हे कानांनी ओळखत होते. पातळ द्रावण तडतडतं, बेताचं द्रावण शिजत्या पुलावासारखं जड रटरटतं. मग लांब दांड्याच्या पळीनं ते कडेकडेनं थोडं पाणी सोडत. लोक म्हणत, उस्तांची नजर बघा.

वसंतात कोन्याहून तुलिन हानिम, म्हणजे तुलिनबाई, कामाला आली. रसायनशास्त्र शिकलेली, बोलण्यात नेमकी. तिनं काहिलीला तापमापक जोडला.

"उस्ता, आता वाफेत उभं राहायला नको. एकशे एक्केचाळीसला बर्नर आपोआप बंद होईल."

"होऊ दे बंद. मी चहा पितो."

पहिल्याच दिवशी नळ्या तांबूस निघाल्या. तुलिननं आकडा तीनदा तपासला. एकशे एक्केचाळीसच होता.

"पोरी, आकडा बरोबर आहे, पण उकळी कुठाय?" पाठमोऱ्या उस्तांनी चहा ढवळत विचारलं. "काहील गप्प बसलीय. द्रावण दाट झालं, त्याला उकळायला जास्त आच हवी. आणि तुझं यंत्र मधेच विस्तव काढून घेतंय."

तिनं पाणी घातलं, रटरट सुरू झाली, नळ्या काळ्याभोर निघाल्या. तुलिन प्रामाणिक होती. तिनं मालकाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि तिथंच घात झाला.

"असा माणूस काहिलीपाशी वाया घालवायचा?" वेहबी बे म्हणाले. "उस्ता, उद्यापासून तुम्ही तपासणीच्या टेबलावर. खाली मान घालून बघायचं आणि शिक्का मारायचा."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. उस्ता दिव्याखाली जाऊन बसले. दिव्यामुळं तर होतं तेवढंही दिसेना, नुसतं दूध सांडल्यासारखं. पण तांबूस थर कच्चा असतो, बोटाला भुकटी लागते. फडक्यानं पुसायचं, बोट फिरवायचं, शिक्का मारायचा किंवा बाजूला ठेवायचं. आठ दिवस एकही चूक झाली नाही.

नवव्या दिवशी चाळीस पेट्या आल्या, बंदुकीचा खटका ज्यात बसतो त्या. नेहमीच्या पोलादाच्या नव्हेत, ओतीव. त्यात सिलिकॉन जास्त होतं. असल्या पोलादावरचा थर पक्का आणि गुळगुळीत बसतो, फक्त काळा होत नाही. उस्तांनी चाळीसही पुसल्या, चाळीसांवर शिक्का मारला.

"उस्ता," तुलिन हळूच म्हणाली, "या वांग्याच्या रंगाच्या आहेत."

तिनं रंग मोजायचं यंत्र लावलं. यंत्रानंही लालसर म्हटलं. वेहबी बेंना बोलावणं गेलं. त्यांनी एक पेटी उचलली, शिक्का बघितला आणि खाली ठेवली.

"काळीच आहे."

"बे, उजेडात धरून बघा ना."

"उस्तांनी बघितलंय. तुझं यंत्र बिघडलंय. उद्या परत पाठव. आणि तुलाही कोन्याला परत जायचं असेल तर सांग."

बेंच्या मागोमाग आलेले दोन फोरमन होकाराची मान डोलवत होते. तुलिन यंत्राची वायर गुंडाळायला लागली. ती गप्प बसली हे उस्तांना रुचलं नाही.

"बे, तुम्हाला काय दिसतं?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मला काही दिसत नाही. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. दोन वर्षं झाली."

वेहबी बेंनी पेटी पुन्हा उचलली आणि या वेळी खिडकीपाशी नेली.

"जांभळीच आहे की."

"मग मघाशी?" तुलिननं विचारलं.

"मघाशी उस्तांना दिसत होतं."

"मला काहिलीपाशी जाऊ द्या," उस्ता म्हणाले. "तिथं मला डोळे लागत नाहीत."

"ज्याला दिसत नाही अशा माणसाला उकळत्या सोड्यापाशी उभं करू? मला पाप लागेल. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत वजनाचं काम नको, विस्तवाचं नको." वेहबी बेंनी क्षणभर विचार केला. त्यांना पस्तीस वर्षांच्या माणसाला घरी पाठवायचं नव्हतं, आणि कारखान्यात बसून करायचं एकच काम रिकामं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रेम्झी उस्ता फाटकावर राखणीला बसले.