मावशींचा हात

पाळणाघर चालवणाऱ्या मावशींनी थर्मामीटर कधी विकत घेतला नाही. पोराच्या कपाळाला उलटा हात लावायचा आणि निकाल द्यायचा, ‘ताप आहे, घेऊन जा,’ नाहीतर ‘काही नाही, नाटकं आहेत.’ आया डोळे झाकून विश्वास ठेवायच्या, आणि मावशींना त्याचा थोडा तोराही होताच.

गेले काही महिने मात्र त्यांच्या अंगात कधीही आग उसळायची. छातीतून निघून मान, कान, तळहात, सगळं पेटायचं; मग घाम, मग हुडहुडी. पाळी जायची वेळ आलेली, दुसरं काय! मावशी धडाधड खिडक्या उघडत आणि पोरं कुडकुडत. नवऱ्याला वाटायचं, हिचं डोकं हल्ली उगाच फिरतं. मावशींनी कुणाला कानोकान खबर लागू दिली नाही. आयांना कळलं तर त्या पोरं दुसरीकडे ठेवतील ही भीती, आणि घर तर त्या पाळणाघरावरच चालायचं.

त्या दुपारी ढब्बू किरकिर करायला लागला. ढब्बूची आई बस चालवायची, तिला मध्येच बोलावणं म्हणजे पंचाईत. मावशींनी कपाळाला हात लावला. नेमकी तेव्हाच त्यांच्या अंगाची लाहीलाही चाललेली. तापलेल्या हाताला तापलेलं कपाळ कसलं कळतंय? “नाटकं,” म्हणत त्यांनी त्याला थोपटून झोपवलं.

संध्याकाळी आईनं त्याला उचललं आणि ती दचकलीच.

“अहो मावशी, हा तर नुसता भाजतोय! कधीपासून आहे ताप? डॉक्टर विचारतील.”

मावशींनी पुन्हा हात लावला. आता त्यांचा हात घामानं गार पडला होता. चटका बसला.

‘आत्ताच चढला असेल’ हे वाक्य जिभेवर तयार होतं. खरं सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण डॉक्टर त्याच हिशोबानं औषध देणार, हेही त्यांना कळत होतं.

“दुपारपासूनच असेल,” त्या म्हणाल्या. “मी बघितलं होतं गं, पण मला कळलं नाही. माझी पाळी जायला आलीय. मध्येच अंग भट्टीसारखं तापतं. तेव्हा माझाच हात तापलेला होता.”

ती पोराला खांद्यावर टाकून तरातरा निघून गेली. मावशी दारातच उभ्या राहिल्या. पोराची काळजी वाटत होती आणि स्वतःच्या पोटाचीही.

पुढचे काही दिवस ढब्बू आला नाही. मग एका सकाळी मायलेक दारात हजर. मावशींनी हात पुढे केले, पण तिनं पोर दिलं नाही. आधी मावशींचा तळहात चाचपला, मग त्यांच्या कपाळाला आपला उलटा हात लावला.

“आज कसं वाटतंय तुम्हाला?”

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मावशींनी ‘बरं आहे’ अशी मान हलवली.

“मग घ्या,” ती म्हणाली, आणि ढब्बूला त्यांच्या कडेवर देऊन कामावर गेली.