फाटकाचं माप

वापरलेली पॉन्टून बोट विकणे आहे. जाहिरात अशी सुरू होत होती.

म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन लांब पोकळ नळे, त्यांवर सपाट डेक, भोवती कठडा. तरंगणारी बाल्कनीच म्हणा. आमच्या सात पिढ्यांत कुणी बोट घेतलेली नाही.

पण सासूबाईंचे पाय गेले, चाकांची खुर्ची आली, आणि त्या घरात बसल्या त्या बसल्याच. नवऱ्याने दाराशी उतार करून दिला. "जायचं कुठे? सगळीकडे पायऱ्या. मी काय गॅसचा सिलिंडर आहे, दोघांनी धरून चढवायला?" त्या म्हणाल्या.

दिवसभर खिडकीतून गल्लीच्या टोकाचा तलाव बघायच्या.

या बोटीला पायरी नव्हती. धक्का आणि डेक एका पातळीत.

उत्तम स्थिती.

बोट काठावर ओढून ठेवलेली. नवरा बेकरीवाला. तो वाकला आणि नळ्यावर बोटाने टकटक करत, कान लावत, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"बोट घेताय की पाव?" विकणारे काका म्हणाले.

"पाव भाजला की तळ पोकळ वाजतो. ह्यात पाणी शिरलं असेल तर बद्द वाजेल."

"मग? भाजलाय का?"

"खरपूस."

मी सोफ्यांची कव्हरं शिवते, त्यामुळे मी फक्त सीटा पाहिल्या. शिवण कुजलेली. ते माझ्यावर सोडा.

रुंद फाटक.

फाटकाला टेप लावली. खुर्चीचं माप घरून घेऊन आले होते. "जाईल," मी म्हटलं.

काकांनी बोट पाण्यात सोडून धक्क्याला बांधली. सासूबाई आल्या. मला ढकलू दिलं नाही. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, सबंध गल्ली, मग धक्का, मग

खट्.

खुर्ची फाटकात अडकली.

नवऱ्याने त्यांच्या काखेत हात घातला.

"हात काढ, बाळ्या."

त्यांनी चाकं मागे घेतली. "चला घरी."

आणि तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. गादीचं माप घेताना मी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच कमी लिहिते, म्हणजे कव्हर ताणून बसतं. हात आपोआप लिहितो. खुर्चीचंही तसंच लिहिलं होतं.

"आई, चूक माझी. तुमचं कव्हर शिवायला घेतलं मी."

"घट्ट होतंय," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

"फाटक कापावं लागेल," काका म्हणाले. "वेल्डर पुढच्या आठवड्यात येतो."

"पुढच्या आठवड्यात मी येणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

हे खरं होतं. नवऱ्यालाही ते ठाऊक होतं.

मी फाटकाचा खांब धरला. मऊ लागला. वरून रेक्झिन, आत फोम. अंगठ्याने दाबलं. दुसरा खांबही तसाच.

"काका, हे उसवू?"

"बोट अजून माझी आहे."

"घेतली."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"घेतली ना?"

"आता तू म्हणतेस म्हणजे घेतलीच."

टाके उसवायची आकडी माझ्या पर्समध्ये असतेच. दोरा एका ओढीत सुटला. शिवणारा कामचुकार होता, देव त्याचं भलं करो. फोम धक्क्यावर पडला. खाली उघडा पाइप.

"बघा आता, आई."

त्यांनी दोन्ही खांब निरखले. मग चाकांवर हात ठेवले. दोन्हीकडून पाइप करकरला, सगळ्यांच्या दातांतून कळ गेली, आणि खुर्ची आत. बोट किंचित झुकली, पुन्हा सरळ झाली. सासूबाईंनी कठडा घट्ट धरला होता. मग एक हात सोडला.

मालक एकच.

काका नवऱ्याला इंजिन समजावत होते. नवरा मान डोलवत होता, म्हणजे काही कळत नव्हतं.

"बाळ्या," मागून आवाज आला, "सरक जरा. मला समोरचं दिसत नाहीये."