काठावरचा निळा मणी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. परातीएवढी रुंद, गवती काडीची एक टोपी मनात आणा. आता तिचा माथा कापून टाका. उरला तो नुसता काठ आणि मध्ये एक भोक. हसू आले ना? मी तीच जुनी टोपी आहे.

खाडीपलीकडच्या एका म्हातारीने मला विणले आणि कामिलाने मला व्हेनिसच्या बाजारातून घरी आणले. कामिला काचेचे मणी दोऱ्यात ओवायची. तिचा नवरा आंझोलो मुरानो बेटावरच्या काचेच्या भट्टीत लाकडे सारायचा. घर लहानसे, पण छपरावर लाकडी माची होती. उन्हाळ्यात अशा माच्यांवर बसून आमच्या शहरातल्या बायका केस सोनेरी करतात. केस माझ्या भोकातून वर काढायचे, काठावर पसरायचे आणि काठीला बांधलेल्या स्पंजाने भिजवत राहायचे. केसांना ऊन, चेहऱ्याला सावली.

श्रीमंतांकडे औषधवाल्याच्या बाटल्या येत. आमच्याकडे रानशेवंतीचा काढा, फळवाल्याच्या होडीतून फुकट मिळालेल्या लिंबाच्या साली आणि चुलीतली चिमूटभर राख. रंग महिन्याभराने चढे, पण चढे. "गुणाची गं माझी टोपी," असे कामिला म्हणाली की माझी काडी न् काडी ताठ व्हायची. हिवाळ्यात मात्र मी खिळ्याला टांगलेली धूळ खात असे.

एका उन्हाळ्यात थोरल्या लेकीची, ओर्सेताची, सोयरीक ठरत आली. मुलाकडचे लोक रविवारी येणार होते. तिचे केस कंबरेपर्यंत होते आणि तिला ते सोनेरी हवे होते. हातात दिवस होते पाच. ते ऐकून आंझोलोने भट्टीवरून रुमालात राख बांधून आणली.

"चुलीतली राख काय कामाची! ही घे लेकी, जहाजातून येते."

"बाबा, कडक नाही ना?"

"अगं, राख म्हणजे राख!" म्हणत त्याने मूठभर काढ्यात टाकली.

बिचारा मायेने चुकला. ती जहाल राख वाळू वितळवून काच करण्यासाठी आणलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओर्सेता मला घालून माचीवर बसली. स्पंज तिच्या नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या, बेताच्या, हातात होता. अरुंद कालव्यापलीकडच्या माचीवर पाओला मावशी लोकांचे कपडे वाळत घालत होती.

"उन्हात बसून सोनं होत असतं ना, तर माझी वांगी कधीच पिवळीधमक झाली असती!"

"मावशी, तुमची वांगी उन्हाआधी चुलीवरच करपतात!" ओर्सेता म्हणाली.

बेताने स्पंज एका बटेवर दाबला. चार थेंब माझ्या काठावर ओघळले आणि मला आग लागल्यासारखे झाले. मला तोंड नाही, ओरडणार कशी? माझ्या काड्या केशरी झाल्या, बुळबुळीत झाल्या, सुटू लागल्या.

"ताई, टोपी विरघळतेय!"

"गप गं. लाव भराभर."

"नाही लावणार!" बेताने काठी मागे ओढली.

ओर्सेताने ओल्या बटेला हात लावला. बट साबणासारखी निसरडी लागली. ती किंचाळली. कामिला हातातले मणी सांडून धावत वर आली. बादलीत जेमतेम दोन तांबे पाणी होते. विहिरीचे झाकण संध्याकाळच्या घंटेशिवाय उघडत नसे आणि कालवा चार जिने खाली.

"अगं, बघत काय बसलीस? आहे ते पाणी ओत!" पाओला मावशी ओरडली. तिने आपल्या पाण्याच्या दोन्ही बादल्या आणि एक बुधली कपड्यांच्या लांब काठीला एकेक अडकवून पुढे केल्या. "मग हा शिरका! राखेला आंबटच आवरतं. जन्म गेला माझा राखेच्या पाण्यात कपडे धुण्यात!"

पाणी झाले, शिरका झाला, पुन्हा पाणी झाले. कामिलाने बट बोटांतून ओढली. एकही केस तुटला नाही. ती फळ्यांवर मटकन बसली आणि रडता रडता हसू लागली. संध्याकाळी आंझोलोने सारे ऐकले आणि तो म्हणाला, "भट्टीची अक्कल घरात आणली मी."

रविवारी ओर्सेताचे केस होते तसेच तपकिरी होते, एक बट तेवढी पिवळट. पाओला मावशीने जेवणासाठी रांधून आणलेले तारली मासे मात्र शिरक्यावाचून सपक झाले.

"शिरका नवरीच्या डोक्यात गेला, मासे राहिले कोरडे!" ती म्हणाली. नवरा मुलगा पोट धरून हसला आणि त्याने पुन्हा वाढून घेतले. सोयरीक पक्की झाली.

माझ्या काठाला मात्र उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडली होती. "आता ही चुलीत," कामिला म्हणाली. माझा जीव काडीएवढा झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा डाग बघून तिला फेकू नका. तो डाग तिने कुणासाठी सोसला, ते आधी विचारा.

बेताने विचारले नाही, तिला ठाऊकच होते. तिने मला आईच्या हातातून ओढून घेतले, खाचेच्या कडा शिवल्या आणि तिथे एक निळा मणी टाचला. मग चुलीच्या चिमूटभर राखेचा नवा काढा आणला, पहिला थेंब मण्याशेजारी टाकला आणि काडी केशरी होते का ते बघत ती मोठ्याने आकडे म्हणू लागली. शंभर होईपर्यंत तिने ताईला स्पंजाला हातसुद्धा लावू दिला नाही.