पोत्यांच्या शर्यतीची पंच

आत्याला त्या घरात कुणी सल्ला विचारत नसे, काम मात्र सगळे सांगत. गुरुवारी दुपारी मोठ्या भाच्याच्या बायकोचा फोन आला, तेव्हा आत्या आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवत बसली होती.

"आत्या, रविवारी कुटुंबमेळावा आहे ना, मुलांचे मैदानी खेळ ठेवलेत. पोत्यांची शर्यत आहे. बाजारातली पोती टोचतात हो मुलांना. तुम्ही सात मऊ पोती शिवून द्या ना. तुमचं काय, दोन मिनिटांचं काम."

ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही त्याच्या मते शिवणकाम दोन मिनिटांचं असतं, हे आत्याला दुकानाच्या चौतीस वर्षांत पुरतं कळलं होतं. तरी ती हो म्हणाली. घरातल्या मोठ्यांविषयी तिच्या मनात काडीचा आदर नव्हता. पण पोती मुलांसाठी होती, आणि मुलं अजून मोठी व्हायची होती. दोन संध्याकाळी बसून तिने जाड सुती कापडाची सात पोती शिवली. तळाला दुहेरी टीप मारली, कोपरे आतून दुमडून पक्के केले. सहा वर्षांचं मूल त्यात उड्या मारणार म्हणजे सगळा भार तळावर येणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

रविवारी सकाळी धाकटा भाचा तिला न्यायला आला. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. बोलताना दर चौथा शब्द टार्गेट, म्हणून घरात त्याला टार्गेटच म्हणत. यात आपली चेष्टा आहे हे त्याला अजून उमगलं नव्हतं. पोती त्याने स्वतःच उचलून गाडीत मागे ठेवली, आणि पोचल्यावर आत्याला पुढे पाठवून मागाहून स्वतःच आणली. आत्याला नवलच वाटलं. एरवी हा माणूस स्वतःची बॅगसुद्धा दुसऱ्याच्या हातात देई.

मेळावा दादांच्या इमारतीमागच्या हिरवळीवर होता. दादा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. एके काळी ते इमारतीच्या समितीचे अध्यक्ष होते. पद जाऊन अकरा वर्षं झाली तरी खुर्चीत बसायची पद्धत अध्यक्षांचीच राहिली होती. झाडाच्या सावलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर ते बसले होते. मुलांसाठी आखलेल्या रेघा मात्र भर उन्हात होत्या, कारण फोटो उन्हात चांगले येतात.

दादांची मोठी सून, फोन करणारीच, गळ्यात शिट्टी अडकवून आणि हातात वेळापत्रक घेऊन फिरत होती. आत्याने चष्मा चढवून ते वाचलं. अकरा दहा ते अकरा पंचवीस, ओल्या स्पंजची शर्यत. अकरा पंचवीस ते अकरा चाळीस, पोत्यांची शर्यत. अकरा चाळीस ते अकरा पंचेचाळीस, पाणी पिणे. सगळ्यात शेवटी, बारा वाजता, 'मुक्त आनंद – दहा मिनिटे'.

"आत्या, तुम्ही पंच," मोठी सून म्हणाली. "शेवटच्या रेषेवर ही फीत धरून उभ्या राहा. तुमचं कुणी शर्यतीत नाही ना, म्हणून तुम्हीच बऱ्या."

तुमचं कुणी नाही. बाई हे इतक्या सहज म्हणाली की जणू आत्याच्या अंगावर खिसा नाही असं सांगत होती. आत्याने फीत घेतली. एक टोक झाडाला बांधलं, दुसरं हातात धरलं.

स्पंजचा खेळ म्हणजे बादलीतल्या पाण्यात स्पंज बुडवायचा, पळत जायचं आणि पलीकडच्या डब्यात पिळायचा. ज्याचा डबा आधी भरेल तो जिंकला. मुलं सात, वयं चार ते सात. पहिल्या फेरीतच चार वर्षांच्या चिमणीने आपला स्पंज डब्याऐवजी स्वतःच्या डोक्यावर पिळला आणि गारव्याने अशी काही किंचाळली की बाकीच्यांना शर्यतीत राम उरला नाही. दुसऱ्याच मिनिटाला सातही मुलं एकमेकांना भिजवत होती आणि डबे कोरडे ठणठणीत होते.

आत्याच्या मते खेळ तेव्हा सुरू झाला होता. बाकीच्यांच्या मते तो बिघडला होता. शिट्टी वाजली. आया धावल्या. "नियम काय सांगितला होता?" "अगं, कपडे!" "नीट खेळा ना जरा!" मुलांना ओढून पुन्हा रेषेवर उभं केलं. मग बापांनी रेषेच्या कडेने धावत ओरडायला सुरुवात केली. एकाने मुलीचा हात धरून तिच्या हातातला स्पंज स्वतःच पिळला. दुसऱ्याने त्यावर आक्षेप घेतला. दोघेही शिकलेले, दोघांच्याही डोक्याला टक्कल. आणि पाच वर्षांच्या मुलांच्या डब्यात पाणी किती बोटं आलं यावर दोघे हमरीतुमरीवर आले. आत्या फीत धरून बघत राहिली. माकडांच्या हातात कोलीत दिलं तर निदान माकडांना शोभतं तरी, असं तिला वाटून गेलं.

पोत्यांच्या शर्यतीसाठी मुलं ओळीत उभी राहिली. चार नंबरला टार्गेटचा मुलगा, ढब्बू. सहा वर्षांचा, गोल, गंभीर. आत्याला तो फारसा आवडत नसे. बापाचं नाक, बापाची हनुवटी, म्हणजे पुढचा टार्गेट तयारच आहे, असं तिने तो पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. टार्गेट त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला, पोतं त्याच्या छातीपर्यंत ओढलं आणि कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. ढब्बू नुसता मान हलवत होता.

शिट्टी झाली. मुलं उड्या मारत निघाली. दोघं तिथेच पडली. चिमणीने पोत्यात बसूनच घेतलं आणि तिला पुढे कुठेही जायची इच्छा दिसेना. ढब्बू मात्र सुसाट आला. त्याची उडी उडीसारखी दिसतच नव्हती. तो फितीशी पोचला तेव्हा आत्याची नजर खाली गेली, आणि पोत्याच्या तळातून बाहेर आलेले दोन लाल बूट तिला दिसले.

"जिंकला! चार नंबर जिंकला!" टार्गेट ओरडला. त्याने सोनेरी पदक मोठ्या सुनेच्या हातून जवळजवळ हिसकावून मुलाच्या गळ्यात घातलं, फोटो काढला आणि तिथल्या तिथे घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बाप तसा बेटा'.

"थांब," आत्या म्हणाली. "पोतं दाखव."

"कशाला?"

"पंच आहे मी. दाखव."

ढब्बू पोत्यातून बाहेर आला. आत्याने पोतं उलटं केलं. दोन्ही कोपऱ्यांत, एकेक पाऊल बाहेर पडेल एवढी भोकं होती. आजूबाजूला माणसं जमली. दादासुद्धा खुर्चीतून उठून आले.

टार्गेटने क्षणभर पोत्याकडे पाहिलं आणि हसला. विकणाऱ्या माणसाचं हसू होतं ते, सगळ्यांना थोडं थोडं वाटलेलं. "अरेरे, उसवलं वाटतं. आत्या, शिवण कच्ची राहिली तुमची. होतं हो, वय झालं की. पोरगं बिचारं धावता धावता पडलं असतं."

 चौतीस वर्षांत आत्याच्या हातच्या टिपेला कुणी कच्ची म्हटलं नव्हतं. आणि म्हणालं कोण, तर ज्याच्या शाळेच्या चड्ड्या तिने सात वर्षं फुकट शिवल्या होत्या तो. चोराच्या उलट्या बोंबा. तिने पोतं उन्हात धरलं.

"शिवण उसवली तर दोऱ्याची टोकं लोंबतात आणि टाक्यांची भोकं ताणली जातात," ती शांतपणे म्हणाली. "इथे टीप जशीच्या तशी आहे, बोट फिरवून बघा कुणीही. तिच्या बाजूचं कापड कापलंय. हे उसवलेलं नाही. कुणीतरी कापलंय."

 मोठी सून वेळापत्रकात बघत होती, जणू आता काय करायचं ते त्यात लिहिलं असेल. सगळ्यांच्या नजरा हळूहळू टार्गेटकडे वळू लागल्या. तेवढ्यात खालून आवाज आला.

"मी कापलं."

ढब्बू पदक मुठीत धरून उभा होता. कान लाल झाले होते.

"तू?" आत्याने विचारलं. "कशाने?"

"कात्रीने."

आत्याला कात्रीची कड कळत होती आणि ब्लेडचीही. ढब्बूच्या वयाची झाल्यापासून ती हेच करत आली होती. कात्रीने जाड कापड कापलं की दर घासाला बारीकशी पायरी पडते. ही कड एका ओढीत सरळ निघाली होती. ब्लेड होतं ते, आणि धरणारा हात मोठा होता. हे एक वाक्य बोलायचा अवकाश, सगळा उलगडा झाला असता. तिने तोंड उघडलंही. पण पोरगं तिच्याकडे बघत होतं. घाबरून नव्हे. 'आता गप्प बस' असं मोठ्या माणसाने लहानाला डोळ्यांनी सांगावं तसं बघत होतं.

आत्या थांबली. तिला वाटलं, आता तरी बाप बोलेल. एवढी वेळ आल्यावर दगडसुद्धा बोलतो.

टार्गेट बोलला. "काय रे हे, ढब्बू? असं करतात? चल, सॉरी म्हण आत्याआजीला. म्हण लवकर." आणि मुलाच्या पाठीत हलकी चापट मारून, बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "लहान आहे हो. चुकतं."

"सॉरी," ढब्बू म्हणाला.

आत्याच्या मनात टार्गेटबद्दल वर्षानुवर्षं साठलेली अढी होती, पण ती चेष्टेतली होती. पोकळ, बढाईखोर माणूस, एवढंच. त्या चापटीसरशी तिला त्याची किळस आली. खरकट्यात हात पडावा तशी.

"सॉरी नको मला," ती ढब्बूला म्हणाली. "तू माझं काही वाईट केलेलं नाहीस." मग ती भाच्याकडे वळली. आवाज चढवला नाही, पण शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचतील असे सोडले. "हा सहा वर्षांचा आहे. याच्या हातून कुणीही काही करून घेईल, आणि वर यालाच लाज उचलायला लावेल. तू चाळिशीचा आहेस. तुला तुझी स्वतःची लाजसुद्धा झेपेना, पोराच्या डोक्यावर दिलीस?"

"आत्या, काय बोलताय तुम्ही? एका खेळावरून—"

"खेळ मुलांचा होता. तुम्ही घुसलात त्यात. शर्यत बाद."

"पुरे," दादा अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले. "मुलांसमोर तमाशा नको. तू आधी त्याची माफी माग."

"दादा, जे झालं ते मुलांसमोरच झालं. तेव्हा तुम्ही सावलीत होतात."

दादांना असं कुणी बोलत नसे. ते जाऊन पुन्हा खुर्चीत बसले. वहिनी "जेवून तर जा" असं म्हणाल्या, पण इतक्या हळू की ऐकू आलं नाही तर बरं. कुणीही टार्गेटला एक शब्द विचारला नाही. मोठ्या सुनेने शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं. अकरा चाळीस झाले होते.

आत्याने झाडाची फीत सोडली, घडी घालून मोठ्या सुनेच्या हातात दिली आणि पिशवी उचलून फाटकाकडे निघाली. मागून पावलं वाजली. ढब्बू होता. गळ्यात पदक नव्हतं. कुठे टाकलं ते तिने विचारलं नाही.

"मशीनआजी," तो म्हणाला. मुलं तिला याच नावाने हाक मारत. "तुला कळलं होतं ना?"

"काय?"

"कात्रीचं."

"कळलं होतं."

"कसं?"

"कात्रीने कापलं की कड पायरीपायरीची होते. हाताने चाचपली तर कळते. पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर आधी माहिती काढावी माणसाने."

त्याने हे नीट ऐकून घेतलं. मग बुटाने जमीन उकरत म्हणाला, "बाबा सांगत होते, नुसते पाय बाहेर काढ, कुणाला दिसणार नाही. मला उड्या येतात. मी घरी प्रॅक्टिस केली होती. मी तसाच जिंकलो असतो कदाचित."

"कदाचित."

"बाबा वाईट आहेत का?"

आत्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं, चांगलं चार वाक्यांचं, आणि त्यातलं एकही सहा वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. तिला पहिल्यांदाच त्या नाकाकडे आणि हनुवटीकडे नीट बघावंसं वाटलं. बापाचीच होती दोन्ही. पण त्यांच्या मागे जे उभं होतं ते कुणाचं, हे तिला सांगता आलं नसतं. या घरातलं तर नक्की नव्हतं.

"बाबा घाबरतात," ती म्हणाली. "हरायला."

"मी नाही घाबरत."

"माहितीये. बघितलं मी."

त्याने मान हलवली आणि तो परत गेला. पळत नाही, चालत. हिरवळीवर टार्गेट कुणाला तरी पाठीवर थाप मारत मोठ्याने हसत होता, आणि त्याच्याभोवती चार माणसंही हसत होती. आत्याने बसथांबा गाठला. बसला वीस मिनिटं होती. पोटात भूक होती, डोक्यावर ऊन होतं आणि पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणं येणार नाही हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्याचं तिला अजिबात वाईट वाटलं नाही. फक्त एकाच गोष्टीची रुखरुख होती. ढब्बू किती उंच उडी मारतो ते बघायचं राहून गेलं होतं.