बोलावणारी बाई

“शामूचं नाव गाळलंसा कशाला, ते सांगा आधी!”

शाळेच्या पडवीत मालुबाई कमरेला पदर खोचून उभी होती. हातावर मागावरच्या सुताला लावायची खळ तशीच वाळलेली. संमेलनात टिपऱ्या खेळणाऱ्या मुलींची यादी मोठ्या बाईंनी, म्हणजे यशोदाबाईंनी, सकाळी वाचून दाखवली होती. टिपऱ्यांत सगळ्यांच्या पुढे नाचणाऱ्या शामूचं, मालुबाईच्या लेकीचं, नाव तीत नव्हतं.

यशोदाबाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. “नियम सगळ्यांना एकच आहे. सगळ्या विषयांत पास हवी आणि सत्रात शेकडा पंचाहत्तर हजेरी हवी. शामू गणितात पहिली आहे, पण हजेरी अडुसष्ट. एकोणतीस दिवस घरी ठेवलीत तुम्ही तिला.”

“आम्ही न्हाय ठेवली! ही बया बोलवायलाच आली न्हाय!”

ही बया म्हणजे रुक्माबाई. ती पाण्याच्या रांजणापाशी बसून पेले विसळत होती. शहापूरच्या त्या मुलींच्या शाळेत सोळा वर्षं तिचं काम एकच. सकाळी गल्लोगल्ली फिरून दारातून हाक मारायची, मुली गोळा करायच्या, शाळेत आणून सोडायच्या आणि संध्याकाळी पुन्हा घरोघर पोचवायच्या. एकोणीसशे चौतीस साल होतं. अब्रूदार घरची मुलगी एकटी रस्त्यानं शाळेला जात नसे. बोलावणारी बाई आली तर शाळा, नाही आली तर सुट्टी.

“रुक्मा, ही म्हणते ते खरं?” यशोदाबाईंनी विचारलं.

“म्या रोज हाक मारलीया,” रुक्माबाई पेल्यात बघत म्हणाली. “घरात मागाच्या कांड्या भरायला बसवलंतं पोरीला. तवाच सांगितलंतं की बाई तुमास्नी.”

“खोटारडे! जीभ झडंल तुझी!”

“पुरे!” यशोदाबाई कडाडल्या. “सोळा वर्षांत हिनं एक घर चुकवलेलं नाही. तुम्ही घरी जा.”

मालुबाई गेली, पण जाता जाता फाटकातून रुक्माबाईवर ओरडली, “शामूचा बा म्हनलाय, खेळात न्हाय तर शाळा बी न्हाय. उद्यापासनं माझी पोरगी घरात. घाल ते तुझ्या पोटात!”

रुक्माबाईला गार वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलं तासभर गार वाटलं. कारण श्रावणात याच मालुबाईनं भर गल्लीत तिला म्हटलं होतं, “माग चालू व्हायच्या आदी तुझं पांढरं कपाळ दारात नगं. सुताला गुंता पडतोय.” बिनकुंकवाचं कपाळ घेऊन रुक्माबाई सोळा वर्षं त्या दारात गेली होती. शामूची मोठी बहीण तिचंच बोट धरून शाळेला गेली होती. तेव्हा गुंता पडला नव्हता. नगं तर नगं, म्हणून तिनं ते घर सोडून दिलं. मालुबाईही अशी हेकट, की बोलावणं आल्याबिगर पोरगी धाडणार नाही म्हणून बसली. शेवटी शामूचा बाप परशराम मध्ये पडला. “लांबनं, लिंबाखालनं हाक मार,” म्हणाला. तोवर एकोणतीस दिवस गेले होते. दोघी बायांनी आपापलं नाक वर ठेवलं आणि कापलं गेलं ते पोरीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्माबाई मालुबाईच्या दारासमोरच्या कडुलिंबाखाली आली. हाक मारायची नव्हती, पण सवयीनं पाय थांबले. आतून सूत गुंडाळायच्या रहाटाची घरघर येत होती. उघड्या दारातून शामू दिसली. पाटी कोनाड्यात पालथी ठेवलेली. पोरगी कांड्या भरत होती आणि प्रत्येक कांडी टाकताना ओठातल्या ओठात मोजत होती. तिनं मान वर केली आणि रुक्माबाईला बघितलं. रडली नाही, रागावलीही नाही. कामातल्या बाईसारखी पुन्हा मान घालून बसली. अकरा वर्षांची पोर.

रुक्माबाई पुढच्या दाराकडं वळली.

मुली शाळेत सोडून ती थेट यशोदाबाईंच्या टेबलापाशी उभी राहिली.

“बाई, म्या खोटं बोलले. एकोनतीस दिस त्या दारात गेलेच न्हाय. भांडान माझं न् मालूचं. पोरीचा काय बी गुन्हा न्हाय.”

 यशोदाबाईंनी हजेरीपट ओढला आणि लाल शाईनं काहीतरी लिहिलं. “शाळेची बाई गेली नाही, तर ते दिवस मुलीच्या माथी नाहीत. शामू खेळेल.” त्यांनी टाक खाली ठेवला. “आणि तू उद्यापासून येऊ नकोस. घर चुकवलंस ते एक वेळ पोटात घातलं असतं. पोरीवर खोटं घातलंस.”

“व्हय,” रुक्माबाई म्हणाली. 

संमेलन झालं. सांगलीचे पाहुणे आले, परशराम पहिल्या रांगेत बसला आणि शामूची शाळा चालू राहिली. टिपऱ्यांचा आवाज रुक्माबाईला घरात बसून ऐकू आला. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

सोमवारपासून तिच्या जागी लागली ती मालुबाई. माग मंदावला होता, आणि कपाळही कुंकवाचं, कुणाच्याही दारात चालेल असं होतं.

पहिल्याच दिवशी तिची हाक गल्लीत वाजली. रुक्माबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. न बघता ती मोजत होती. कृष्णा आली. गोदी आली, रोजच्यासारखी उशिरा. शामू आली. तेविसातल्या बाविसावर हाका थांबल्या आणि घोळका शाळेकडं वळला. दारावरून जाताना मालुबाईनं मान मुद्दाम दुसरीकडं केली.

रुक्माबाईनं सूप खाली ठेवलं.

“ए मालू! जैनांच्या बस्तीमागच्या बोळातली चंदना ऱ्हायली.”

“तू कोन गं सांगनार मला?”

“कोन न्हाय. दोनदा हाक मार. तिचा आजा भैरा हाय, एका हाकेत त्येला ऐकू जात न्हाय.”

मालुबाई दातओठ खात उभी राहिली. मग मुलींना तिथंच थांबवून ती एकटी बोळाकडं गेली.

हाक आली, “चंदना!”

रुक्माबाई सूप मांडीवर न घेता तशीच बसून राहिली.

“ए चंदनाऽ!”

दार उघडल्याचा आवाज आला. मग तिनं सूप उचललं आणि ती आत गेली.