घरचं मत

माया सरपंचपदाची निवडणूक हरली ती अगदी थोडक्यात. दोन ऑटो आपल्याकडे दाटीवाटीनं भरतात तसे भरले, तर त्यात जेवढी माणसं बसतील तेवढ्याच मतांनी. सपाटून हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट कामाला लागतो. थोडक्यात हरलेल्याला ती सोय नसते, तो महिनाभर हिशोबच करत बसतो. पातूर तालुक्यातल्या त्या गावात मायाचं नेमकं हेच झालं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे बाया बसायला येऊ लागल्या. मयताच्या घरी येतात, अगदी तशाच. दारात चपला काढायच्या, भिंतीला टेकून बसायचं, जरा वेळ गप्प राहायचं आणि मग सुस्कारा टाकायचा. चहा पिऊन झाला की उठताना प्रत्येकीचं ठरलेलं वाक्य, "आमच्या घरचे तं सगळे मतं तुलेच होते बाई. लेकराची आन." या सगळ्या शपथा खऱ्या धरल्या असत्या, तर माया सरपंच काय, थेट पंचायत समितीवर निवडून आली असती.

माया मान डोलवायची आणि त्यांच्या डाव्या हाताकडे बघायची. प्रत्येकीच्या बोटावर मतदानाची शाई होती. मत टाकल्याचं ती शाई सांगत होती, कुणाला टाकलं ते मात्र सांगत नव्हती.

बाकीच्या वॉर्डांत मतं कमी पडणार हे तिला ठाऊकच होतं. तिच्या जिव्हारी लागला तो तिचा स्वतःचा वॉर्ड. बुद्धविहाराच्या भोवतीची चार ओळींची वस्ती, तिथलं एकूणएक मत आपलं म्हणून तिनं धरलेलं, आणि मशीन उघडलं तेव्हा तिथंच आकडा खाली आला. म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी फुटलं. हे एकदा मनात शिरलं आणि मग प्रत्येक चेहऱ्यावर तिला फितुरी दिसू लागली. शेजारच्या माणिकबाईनं वाटीभर भाजी आणून दिली, तर हिच्या मनात आलं, आजच एवढं प्रेम का उतू चाललंय? पारावर कुणी हसलं, तर ते आपल्यालाच हसतंय. पातूरच्या खासगी शाळेत ती शिकवायची. तिथून परत येताना ती आता मागच्या बोळातून घर गाठू लागली. बचत गटाच्या बैठकीला गेली नाही. फोन वाजून वाजून बंद व्हायचा.

तिचा नवरा सुगत अकोल्याच्या एसटी आगारात मेकॅनिक होता. तो एकदा जेवताना म्हणाला, "जाऊ दे ना आता. खुर्चीसाठी उभी राह्यली होती का तू?"

"खुर्ची गेली त्याचं काही नाई," माया म्हणाली. "पन आपल्याच लोकाईनं असं करावं? मले त्याईचं तोंड पाहू वाटत नाई."

हे ती रागानं बोलली नाही. तिला खरोखर दुःख झालं होतं, आणि ते कुणापाशी सांगावं तर तोच माणूस फितूर असायचा, ही वेगळीच पंचाईत.

अशात जानेवारी निम्मा सरला. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते, तिची दवंडी झाली. एका रविवारी माणिकबाई अंगणात येऊन उभी राहिली.

"माया, सभेले येशीन का? गटातल्या बाया विचारून राह्यल्या. तू नसली तं आमी काय बोलू तिथं?"

"ज्याईले निवडून देलं त्याईले विचारा, मावशी," माया तुटकपणे म्हणाली. "मी आता कोनाच्याच मधात नाई."

माणिकबाईचा चेहरा पडला. ती आल्या पावली परत गेली.

सासू इंदूबाई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं, पण मान वर केली नाही. मायाही शेजारी टेकली आणि उगाच त्यांच्या हातांकडे बघत राहिली. शेंगांच्या रसानं बोटं हिरवटली होती. उजवा हात, डावा हात. डाव्या हाताचं पहिलं बोट. नख साफ होतं.

"आई, शाई पुसली का तुमी?"

"लागली असती तं पुसली असती," इंदूबाई म्हणाल्या.

"म्हंजे? तुमी मत टाकलं नाई?"

"नाई."

"काहून?"

"कोनी नेलंच नाई मले." इंदूबाईंनी शेंग मोडली, दाणे टोपल्यात टाकले. "सकायपासून ओट्यावर बसलो होतो. धुतलेलं लुगडं नेसून, आधार कार्ड हातात घेऊन. मतदाराईले न्याले लावलेला आपला ऑटो तीनदा गेला पुढून. मी हातबी केला. तं तो पोट्टा म्हने, आजी, पह्यले त्या वार्डातले आनतो, तुमी तं घरच्याच हा. माणिकची सासू बसली होती, पलीकडची लंगडी बुधाबाई बसली होती. अजून दोघी-तिघी. मत टाकाचं ते पोट्ट्याईच्या शायेत, नाल्याच्या पल्याड. या गुडघ्याईनं कशी जाऊ? पाच वाजले, मंग उठलो आन सयपाकाले लागलो."

"मंग सांगतलं काहून नाई मले?"

"तू विचारलं का?"

खरंच विचारलं नव्हतं. मतदानाच्या संध्याकाळी घरात वीस माणसं होती, चहाच्या तीन खेपा झाल्या, प्रत्येक वॉर्डाची बेरीज-वजाबाकी झाली. तो चहा करणाऱ्या बाईला, तू मत टाकलंस का, असं एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. ऑटोचं सुगतला वाटलं मायानं बघितलं असेल, मायाला वाटलं सुगतनं. तीन आठवडे तिच्या पायाला भिंगरी होती. ज्यांच्या दारात आयुष्यात कधी गेली नव्हती त्यांच्यापुढे हात जोडले, नावडत्या माणसांच्या घरी नावडता चहा प्यायला. आणि आपल्या ओळीतून जाताना? स्कूटीवरूनच हात हलवून, "ध्यान ठेवजा बरं!" एवढंच. घरच्या मतासाठी घरच्यांपुढे कोण हात जोडतं?

मायाला रडू आलं. हरल्याच्या दिवशी आलं नव्हतं, ते आता आलं. कुणी फुटलं नव्हतं. महिनाभर ती ज्यांच्यावर दात धरून होती, त्या म्हाताऱ्या बिचाऱ्या ओट्यावर बसून तिच्याच ऑटोची वाट बघत राहिल्या होत्या.

इंदूबाईंनी तिला रडू दिलं. मग टोपलं दोघींच्या मध्ये सरकवलं आणि म्हणाल्या, "झालं असंन तं चार शेंगा सोल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्यावर माया कपडेही न बदलता स्वयंपाकघरात गेली. चुलीपाशी बसलेल्या सासूपुढे तिनं हात जोडले. थट्टा नव्हती त्यात.

"आई, महिला सभेले या. ऑटो दारात येईन, मी सोता बसवतो तुमाले."

"काय करू मी तिथं?"

"काय पाहिजे ते सांगजा."

इंदूबाईंनी भाकर उलटली. मायाच्या जाहीरनाम्यात सीसीटीव्ही होते, वाचनालय होतं, चौकाचं सुशोभीकरण होतं. त्यातलं एकही नाव इंदूबाईंनी घेतलं नाही.

"नयाचं पानी अकराले येते," त्या म्हणाल्या. "त्या टायमाले घरी कोन असते? तू आठाच्या बसनं जातं. बाकीच्या बाया कापूस वेचाले जातात. राह्यलो आमी म्हाताऱ्या. तुह्या घरचं पानी कोन भरते, मालूम हाये का तुले?"

मायानं कोपऱ्यातल्या भरलेल्या ड्रमाकडे पाहिलं. ती घरी यायची तेव्हा तो भरलेलाच असायचा. त्यात पाणी कसं येतं, हा प्रश्न तिला लग्न झाल्यापासून पडला नव्हता. आई भरायच्या, त्या गुडघ्यांनी, अर्धी अर्धी बादली नेऊन.

मग ती ओळीतल्या घराघरात गेली. या खेपेला स्कूटी घरी ठेवली. कुणाला मत दिलं, हे तिनं कुणालाच विचारलं नाही. माणिकबाईनं मात्र सोडलं नाही.

"मत मांगाले आली नव्हती. आता कशी आली?"

"चुकलो, मावशी."

"बस मंग," माणिकबाई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

सभेला ग्रामपंचायतीपुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. नवी सरपंच आकांक्षा खुर्चीवर बसली होती. गावातलं बडं प्रस्थ असलेल्या चंद्रभान पाटलांची सून, मायाहून वयानं लहान. त्या खुर्चीत माया मनातल्या मनात कितीतरी वेळा बसली होती. आज ती खाली सतरंजीवर बसली. पाण्याचा विषय तिनंच काढला. ग्रामसेवक व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाच्या अडचणी सांगू लागले, तशा पाचपन्नास बाया एकदम बोलायला लागल्या. आकांक्षानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"आमच्या घरी बोअर हाये," ती सरळ म्हणाली. "मले हे मालूमच नव्हतं. पानी सकायी सहाले सोडा. लिहा ठराव."

आठवड्याभरात नळाला सकाळी सहाला पाणी आलं. चौकात बॅनरही लागला, ‘सरपंचांच्या प्रयत्नांना यश’, आकांक्षाचा आणि चंद्रभान पाटलांचा हसरा फोटो. माया बसमधून तो बॅनर बघत गेली आणि तिला दिवसभर झोंबत राहिलं. खोटं कशाला सांगा? रात्री सुगत गावच्या ग्रुपवर काहीतरी खमंग लिहायला निघाला, तेव्हा तिनंच त्याचा फोन बाजूला ठेवला.

"राहू दे. पुढच्या सभेत नालीचं घेऊ. त्याची यादी कराची हाये, बस इथं."

दुसऱ्या दिवशी सहाला तिनं नळाखाली बादली लावली. थंडी मी म्हणत होती. ड्रम भरला, माठ भरला, न्हाणीतला हंडा भरला. इंदूबाई उशिरा उठल्या, गोधडी पांघरूनच बाहेर आल्या आणि भरलेला ड्रम बघून दारातच थांबल्या. मग ओट्यावर टेकल्या.

"पुढच्या खेपी उभी राह्यशीन का?"

"मालूम नाई, आई," माया ओल्या हातांनी केस मागे सारत म्हणाली. "पाह्यतो."

"राह्यशीन तं मत मांगाले ये माह्याकडं," इंदूबाई म्हणाल्या. "मी घरीच असतो."